आढळले नाही

हिंदी मुलखात मांजराविषयी एक म्हण रूढ आहे : मांजराचे गू, ना लिंपायचे ना पोतायचे. गाईच्या शेणाने अंगण सारवता येते, त्याच्या गोवऱ्या थापता येतात. बकरीच्या लेंड्या खत म्हणून शेतात जातात. मांजराच्या विष्ठेचा मात्र कोणाला काडीचा उपयोग नाही, असा या म्हणीचा आशय. मांजर स्वतःही ती मातीने झाकून मोकळे होते. ज्या वस्तूला उपयोग नाही तिला इतिहासही नसतो, असे आपण सहसा धरून चालतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या समजुतीच्या उलट बाजूने जायचे आहे. मांजराची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचा एक इतिहास आहे, तो सुमारे दीडशे वर्षांचा आहे, आणि वाचन हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा आमच्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यातून काही शिकण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

या इतिहासाचे सार एका वाक्यात सामावलेले आहे आणि ते वाक्य प्रयोगशाळेच्या अहवालात नेहमी छापलेले असते : ‘परोपजीवींची अंडी आढळली नाहीत.’ हे वाक्य प्रयोगशाळेतून घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘जंत नाहीत’ असे होऊन जाते. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंत जे अंतर आहे, ते व्याकरणाच्या पुस्तकात एका क्रियापदाचे आहे. व्यवहारात मात्र त्या अंतरात एखाद्या प्राण्याचे घर आणि एखाद्या बाईची झोप अडकलेली असते.

हे आम्ही एका गावाच्या संदर्भात मांडू इच्छितो. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे आहे आणि समोरच्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेच्या नावातही ही दोन्ही गावे जोडीनेच येतात. भाताचा प्रदेश, म्हणून उंदीर. नदी आणि खाडी जवळ, म्हणून मासळी. आणि पावसाळ्याचे चार महिने माती ओलीच. मांजराला याहून अधिक काय हवे? अशा गावातले मांजर शहरातल्या मांजरासारखे विकत आणलेले नसते. ते कोणाचे म्हणावे हेही नक्की नसते. एका घरी दूध पिते, दुसऱ्या घरी माळ्यावर विते आणि तिसऱ्याच्या परसात जाऊन माती उकरते. घरात एखादी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली की कोणीतरी वडीलधारे, आणि अलीकडे कोणीतरी शिकलेलेही, म्हणते : आधी ते मांजर हाकलून द्या. हे वाक्य बरोबर आहे की चूक, याचा निकाल लावायचा तर त्यामागे उभी असलेली विद्या कशी घडली ते पाहावे लागते.

* * *

पोटातले किडे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत, कारण त्यांतले काही नुसत्या डोळ्यांना दिसतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांची विभागणी ते कोठे उपजतात यावरून केलेली आहे : बाहेरच्या मळातून होणारे दोन, रक्तातून होणारे सहा, कफातून होणारे सात आणि पुरीषातून म्हणजे विष्ठेतून होणारे पाच. या शेवटच्या पाचांची नावे ककेरुक, मकेरुक, लेलिह, सशूलक आणि सौसुराद अशी आहेत. रक्तातले कृमी इतके सूक्ष्म की ते दिसत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. या वर्गीकरणात एक गृहीत आहे. कृमी विष्ठेत येतो तो विष्ठेतूनच उपजतो, हे ते गृहीत. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत आणि आतड्यातल्या कृमींच्या बाबतीत त्याच्याही पुष्कळ पुढेपर्यंत अशीच समजूत होती. त्यामुळे विष्ठेत अंडी शोधावी, ही कल्पना तेव्हा कोणाला सुचणे शक्यच नव्हते. जे आपोआप उपजते त्याला अंडे कशाला लागेल?

डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हनहूक याने १६८१ साली अतिसार झाला असताना स्वतःची विष्ठा आपल्या भिंगाखाली पाहिली आणि तीत हलणारे बारीक जीव त्याला दिसले. त्याने केलेल्या वर्णनावरून ते आज जिआर्डिया या नावाने ओळखले जाणारे जीव असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले. पण हे दर्शन होते, तपासणी नव्हे. दिसले ते काय आहे आणि त्यावरून काय ठरवायचे, हे सांगणारी परंपरा अजून जन्मली नव्हती. ती यायला पावणेदोनशे वर्षे लागली. फ्रान्समध्ये काझिमीर दाव्हेन याने १८५७ मध्ये असे मांडले की, आतड्यात कृमी आहेत की नाहीत हे रोग्याच्या विष्ठेतील अंडी सूक्ष्मदर्शकाने पाहून सांगता येईल. रोगी जिवंत असताना, त्याचे पोट न फाडता, आतल्या पाहुण्याचा पत्ता लावण्याची ही रीत होती.

या कथेत मांजर येते ते येथून थोड्याच अंतरावर. बात्तिस्ता ग्रास्सी हे नाव पुढे मलेरियाच्या डासाच्या संदर्भात जगभर गाजले. तो वैद्यकाचा विद्यार्थी असताना इटलीतील रोव्हेल्लास्का या त्याच्या गावी मांजरांमध्ये मरीची साथ आली. तिचे कारण आतड्याला चिकटून रक्त पिणारा एक अंकुशकृमी आहे, असे ग्रास्सीने शोधून काढले. त्यानंतर लवकरच, १८७८ मध्ये, माणसाच्या अंकुशकृमीचे निदान रोग्याच्या विष्ठेतील अंड्यांवरून करता येते हे त्याने आणि पारोना बंधूंनी दाखवून दिले. पुढे दोनच वर्षांनी आल्प्समध्ये गोट्ठार्ड बोगदा खणणारे मजूर रक्तक्षयाने पांढरेफटक पडू लागले, तेव्हा कारण शोधण्यासाठी नेमकी हीच विद्या हाताशी होती. मजुरांच्या विष्ठेत अंडी सापडली, आणि ‘खाणीचा रोग’ म्हणून जे काही इतके दिवस हवेच्या किंवा नशिबाच्या माथी मारले जात होते त्याला नाव मिळाले. माणसाच्या या रोगाकडे जाणारी ग्रास्सीची वाट त्याच्या गावच्या मांजरांवरून गेली होती, ही गोष्ट पुढच्या लोकांना फारशी आठवत नाही.

* * *

अंडी विष्ठेत असतात हे कळले तरी ती सापडणे वेगळे. चिमूटभर विष्ठा पाण्यात कालवून काचपट्टीवर पसरली तर तीत न पचलेले अन्न, केस, परागकण, मातीचे कण यांची एवढी गर्दी असते की, थोडी अंडी असली तर त्या गर्दीत हरवून जातात. गर्दीतून अंडी वेगळी कशी काढावी? येथे जी युक्ती कामी आली ती अगदी स्वयंपाकघरातली आहे. साध्या पाण्यात बुडणारे कोंबडीचे ताजे अंडे दाट मिठाच्या पाण्यात वर येऊन तरंगते. कृमीच्या अंड्याचेही तेच होते.

अमेरिकेत चार्ल्स बास याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅल्शियम क्लोराइडच्या जड द्रावणात विष्ठा फिरवून अंडी वर आणली. कोफॉइड आणि बार्बर यांनी १९१८ मध्ये त्यासाठी साधे मिठाचे पाणी वापरले. आणि १९२१ मध्ये विलिस याने ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकात ही रीत इतकी सोपी करून मांडली की आजही ती त्याच्या नावाने शिकवली जाते. पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत मिसळावे. शंभर मिलिलिटरला सुमारे ३६ ग्रॅम लागते. या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.२० च्या आसपास असते. त्यात विष्ठा कालवून लहान भांडे काठोकाठ भरावे, पाण्याला टेकेल अशी काच वर ठेवावी, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि काच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. अंकुशकृमीच्या अंड्याचे विशिष्ट गुरुत्व १.०६ च्या आसपास, मांजराच्या गोलकृमीच्या अंड्याचे १.१० च्या, ती वर येऊन काचेला चिकटतात. वाळू आणि इतर जड गाळ तळाशी राहतो.

अष्टमीच्या उत्तरेस पेण आणि तेथून पुढे उरणपर्यंत खाडीकाठाने मिठागरे पसरलेली आहेत. ‘आगर’ या शब्दावरूनच या भागातील आगरी समाजाचे नाव आले, असे मानले जाते. खाडीचे पाणी वाफ्यात घेऊन, उन्हात आटवून, ते मीठ धरण्याइतके कधी दाट झाले हे ओळखणे, हे आगरात राबणाऱ्याचे पिढीजात ज्ञान. विलिसची रीत नेमकी याच क्षणाच्या एक पाऊल अलीकडची आहे. आगरी माणूस मीठ खाली बसावे म्हणून पाणी दाट करतो, तर प्रयोगशाळेत अंडे वर यावे म्हणून. या रीतीला लागणारी सर्वांत महत्त्वाची सामग्री कोकणात कोणत्याही वाण्याकडे मिळते, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो; कारण विज्ञान म्हणजे महाग यंत्रे अशी आपली एक समजूत असते.

भारताचा या इतिहासाशी संबंध केवळ मिठापुरता नाही. भारतीय वैद्यकीय सेवेतील क्लेटन लेन या अधिकाऱ्याने बंगालमध्ये अंकुशकृमीवर दीर्घकाळ काम केले, आणि नळी फिरवून अंडी थेट काचेवर आणणारी तरंगण पद्धत त्याच्या नावाशी जोडली गेली. दुसरे नाव लेस्ली शीदर याचे. कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे गुरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती. शीदर तेथे काम करीत असे, आणि म्हशीच्या रक्तातील एका परोपजीवीचे वर्णन त्याने १९१९ मध्ये केले. त्याने १९२३ मध्ये मिठाऐवजी साखरेचा पाक वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. पाकाचे विशिष्ट गुरुत्व १.२७ पर्यंत नेता येते, आणि मिठात काही वेळाने आकसणाऱ्या नाजूक अंड्यांना तो मानवतो. ‘शीदरचा पाक’ आज जगभरातल्या पशुवैद्यकांच्या फडताळात असतो. आपल्याकडे मुंबईत परळ येथे सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या रुग्णालयाला जोडून १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून या विद्येची मराठी मुलखातली शाळा तीच.

पण प्रत्येक रीतीला तिचा आंधळेपणा असतो, आणि या लेखाचा खरा विषय तो आहे. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगतात, परंतु यकृतात राहणाऱ्या पर्णकृमींची जड अंडी बहुधा तळाशीच राहतात. त्यांच्यासाठी उलट रीत, म्हणजे गाळ बसवून गाळच पाहणे. जिआर्डियाच्या पुटी मिठात चुरगळून ओळखेनाशा होतात. त्यांच्यासाठी झिंक सल्फेटचे हलके द्रावण, जे १९३८ मध्ये फाउस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. मांजराच्या फुप्फुसातील कृमीची तर अंडी येतच नाहीत, जिवंत अळ्या येतात. त्या मिठात मरून वेड्यावाकड्या होतात; त्यांना कोमट पाण्यात आपल्या पायांनी बाहेर येऊ द्यावे लागते, आणि ती रीत जावामध्ये काम करणाऱ्या बेअरमान याने १९१७ मध्ये काढली, तीही मातीतल्या अळ्यांसाठी. पिसवांतून मांजराला होणाऱ्या पट्टकृमीची अंडी तरंगण पद्धतीत क्वचितच सापडतात, मात्र त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखालच्या केसांत घरच्या बाईला सहज दिसतात. प्रयोगशाळेचा कागद ‘आढळले नाही’ म्हणतो आणि घरची बाई ‘आहे’ म्हणते, तेव्हा पुष्कळदा घरची बाईच बरोबर असते.

याच्याही पुढची अडचण म्हणजे, दिसलेले अंडे कोणाचे हे ते स्वतः सांगत नाही. आर्थर लूस याने १९११ मध्ये श्रीलंकेतील एका जवादी मांजरात एक अंकुशकृमी शोधला आणि त्याला त्या बेटाचे नाव दिले. क्लेटन लेनने १९१३ मध्ये तोच कृमी बंगालमध्ये माणसांत असल्याचे जाहीर केले. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका तज्ज्ञाने, हा वेगळा नसून ब्राझीलमधील एका जातीचाच आहे, असे ठरवले. आणि १९५१ मध्ये बिओक्का या इटालियन अभ्यासकाने दोन्ही पुन्हा वेगळे करीपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे ही जात शास्त्राच्या नोंदवहीतून नाहीशी झाली होती. मांजर, कुत्रा आणि माणूस या तिघांच्याही आतड्यांत ती तशीच नांदत होती. अंकुशकृमींच्या निरनिराळ्या जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली इतकी सारखी दिसतात की, नुसत्या अंड्यावरून हा वाद मिटणे शक्य नव्हते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. एकाच वळणाच्या अक्षरातल्या दोन पोथ्यांचा लेखक एकच धरण्याची चूक आपल्याकडेही होत आलेली आहे.

* * *

आता आम्ही त्या कथेकडे येतो जिच्यामुळे मांजर गरोदर बाईच्या दारातून हाकलले जाऊ लागले.

टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परोपजीवी १९०८ मध्ये ट्यूनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंदोरे याला सशात. पुढील तीस वर्षांत हे कळले की, गरोदरपणी आईला त्याची प्रथमच लागण झाली तर तो गर्भापर्यंत जाऊ शकतो आणि बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो. सेबिन आणि फेल्डमन यांनी १९४८ मध्ये रक्ताची चाचणी काढली, आणि मग आढळले की जगभर असंख्य निरोगी माणसांना ही लागण नकळत होऊन गेलेली आहे. कच्च्या मांसातून ती होते हे समजण्यासारखे होते. पण मांस न खाणाऱ्यांनाही ती होत होती. ती कशी, हे कोडे साठीच्या दशकापर्यंत सुटले नव्हते.

ग्लासगोमध्ये विल्यम हचिसन याने १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मांजराच्या पोटात गोलकृमी आहेत अशा मांजराला त्याने टॉक्सोप्लाझ्मा असलेले उंदीर खाऊ घातले. मग मांजराची विष्ठा झिंक सल्फेटमध्ये तरंगवून, वर आलेला भाग नळाच्या पाण्यात बारा महिने ठेवला आणि तो उंदरांना दिला. उंदरांना टॉक्सोप्लाझ्मा झाला. हे विलक्षण होते, कारण त्या परोपजीवीची तोपर्यंत माहीत असलेली रूपे साध्या पाण्यात टिकत नसत. बारा महिने पाण्यात तग धरून राहणारे असे त्या विष्ठेत काय होते? सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमीची अंडी ठळक दिसत होती, आणि मांजरात नेहमी आढळणाऱ्या काही निरुपद्रवी पुटी. हचिसनने प्रयोग पुन्हा केला, दोन मांजरे गोलकृमी असलेली आणि दोन नसलेली घेऊन. लागण फक्त कृमी असलेल्या मांजरांच्या विष्ठेतून झाली. तेव्हा त्याचा निष्कर्ष असा, की टॉक्सोप्लाझ्मा गोलकृमीच्या अंड्यात लपून प्रवास करतो. टर्की पक्ष्यांच्या एका रोगात असे घडते हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे हा तर्क विद्वानांना पटण्याजोगा होता.

तो चुकीचा होता. मात्र चूक कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. हचिसनने कोठेही निष्काळजीपणा केला नव्हता. काचेवर एक मोठी, देखणी, ओळखीची गोष्ट होती आणि तिच्याभोवती काही बारीकसारीक गोष्टी होत्या. अर्थ त्याने मोठ्या गोष्टीला चिकटवला. आपणही कविता वाचताना ठळक प्रतिमेला सगळा अर्थ बहाल करतो आणि शेजारचे अव्यय पाहत नाही.

या टप्प्यावर एका भारतीयाचे नाव येते. जितेंदर दुबे यांनी १९६० मध्ये भारतात पशुवैद्यकाची पदवी घेतली, पुढे इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग अमेरिकेत कॅन्ससमध्ये जेकब फ्रेंकेल यांच्याबरोबर काम सुरू केले. शेफील्डमध्ये त्यांनी कुत्र्याच्या गोलकृमीच्या अंड्यांतून टॉक्सोप्लाझ्मा नेण्याचा प्रयत्न केला होता आणि तो साधला नव्हता. ते अपयश त्यांच्या उपयोगी पडले. अंड्यांचा मेळ बसत नाही, ही शंका त्यांच्या मनात घर करून राहिली. विष्ठेतील गोलकृमीची अंडी वेगळी काढली तरी लागण करण्याची शक्ती उरलेल्या भागात राहते, हे दिसू लागले. नंतर ज्यांच्या पोटात कृमी मुळीच नाहीत अशा मांजरांकडूनही लागण झाली आणि अंड्याचा सिद्धांत कोसळला. अखेर १९७० मध्ये फ्रेंकेल, दुबे आणि मिलर यांनी, तसेच स्वतंत्रपणे हचिसन आणि त्याच्या डॅनिश सहकाऱ्यांनी, खरा गुन्हेगार दाखवला. गोलकृमीचे अंडे सुमारे ७० मायक्रॉनचे असते. याची पुटी, जिला शास्त्रात ऊसिस्ट म्हणतात, ती केवळ १० ते १२ मायक्रॉनची. ती कोणाला दिसलीच नव्हती असेही नाही. अशा लहान पुटी मांजराच्या विष्ठेत पूर्वीपासून पाहिल्या गेल्या होत्या आणि दुसऱ्या एका जातीच्या नावाखाली नोंदवल्याही गेल्या होत्या. आपली चूक दुरुस्त करणाऱ्यांत हचिसन स्वतः होता, हे त्याच्या श्रेयात धरले पाहिजे.

याच सुमारास वॉलेस याने पॅसिफिकमधील प्रवाळबेटांवर पाहणी केली. जेथे मांजरे नव्हती तेथील लोकांच्या रक्तात या लागणीच्या खुणा फारच कमी होत्या. मांजराविरुद्धचा पुरावा पुरा झाला.

* * *

येथे मराठी वाचकाला साठ वर्षे मागे नेणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण मांजरावर याआधीही एकदा सरकारी नजर पडली होती, आणि तेव्हा निकाल अगदी उलटा लागला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढील दशकात तो घाट चढून वऱ्हाडापर्यंत पसरला. उंदीर आणि उंदराची पिसू यांच्यामार्गे तो माणसापर्यंत येतो हे हळूहळू सिद्ध झाले. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावांतील मांजरांची संख्या आणि प्लेग यांचा ताळा मांडला, आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरांची तरफदारी करणारा लेख लिहिला. घरोघर मांजर पाळावे, हा त्यांचा सल्ला. नंतर कळले की मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि क्वचित मांजरापासून माणसालाही. म्हणजे ब्यूकॅनन यांचे वाचनही अपुरेच होते.

अमरावतीत १९०८ मध्ये रक्षक ठरलेले मांजर १९७० नंतर घरोघर संशयित झाले. बंगालमध्ये बाळाचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे, आणि आपली सटवाई ही त्या षष्ठीचीच बहीण. ज्या देवीच्या हाती बाळाचे कपाळ, तिचेच वाहन बाळाचा वैरी ठरावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. तिन्ही ठिकाणी मांजर तेच होते. बदलले ते वाचणाऱ्याच्या हातातले साधन.

* * *

मग अष्टमीच्या त्या घरात काय करावे? मांजराची विष्ठा तपासून घ्यावी, हे प्रथमदर्शनी शहाणपणाचे वाटते. पण तपासणीचा इतिहास वाचला की त्या शहाणपणाची मर्यादा कळते. मांजर टॉक्सोप्लाझ्माच्या पुटी बाहेर टाकते ते बहुधा आयुष्यात एकदा, पहिल्या लागणीनंतर, एक-दोन आठवडे. त्या काळात त्या कोट्यवधींनी पडतात. नंतर मांजर आयुष्यभर त्या बहुधा टाकत नाही. त्यामुळे कोणत्याही दिवशी पाहणी केली तर शंभरांत एखादेच मांजर त्या टाकताना सापडते. ‘आढळले नाही’ असा अहवाल आला तर त्याचा अर्थ एवढाच, की आज आढळले नाही. आणि आढळले तरी प्रश्न सुटत नाही, कारण फ्रेंकेल आणि दुबे यांनीच १९७५ मध्ये हॅमंडिया नावाची एक जात वेगळी दाखवली, जिच्या पुटी मांजराच्याच विष्ठेत येतात, हुबेहूब तशाच दिसतात, आणि माणसाला रोग करतात असे आढळलेले नाही. हा फरक भिंगाला कळत नाही. त्यासाठी १९८९ पासून उपलब्ध झालेली जनुकीय चाचणी लागते. बाईला लागण झाली आहे का, याचे उत्तर तर मांजराच्या विष्ठेत नसतेच. ते तिच्या रक्तात शोधायचे असते, आणि त्या अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यायचा असतो.

आणखी एक बाब. विष्ठेतून पडलेली पुटी ताबडतोब लागण करू शकत नाही. तिला हवेत आणि ओलाव्यात पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात; त्यानंतर मात्र ती ओल्या मातीत वर्षभरही टिकू शकते. म्हणजे धोका मांजराच्या अंगात कमी आणि परसातल्या मातीत जास्त. न धुतलेली पालेभाजी, माती लागलेले हात, न उकळलेले पाणी, अर्धे शिजलेले मटण या त्याच्या वाटा. कोइमतूरमध्ये २००४-०५ मध्ये टॉक्सोप्लाझ्मामुळे डोळ्यांच्या विकाराचा जो उद्रेक झाला, त्यात संशय पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर गेला. भारतातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत एकूण २२.४ टक्के स्त्रियांच्या रक्तात पूर्वीच्या लागणीच्या खुणा आढळल्या, दक्षिणेत ३७.३ टक्के आणि पश्चिमेत ८.८ टक्के. या सगळ्या जणी मांजर पाळणाऱ्या होत्या, असे कोण म्हणेल?

तेव्हा हाकलून दिलेले मांजर जाते कोठे, हा प्रश्न विचारला पाहिजे. ते शेजारच्या परसात जाते आणि तेथली माती उकरते. घराने आपली भीती हाकलली असे त्याला वाटते. वस्तुतः तिची जागा तेवढी बदललेली असते. त्याऐवजी मांजराची घाण रोजच्या रोज, पक्व होण्याआधी, दुसऱ्या कोणीतरी काढावी; त्याला कच्चे मांस घालू नये; भाजी नीट धुवावी, मटण पूर्ण शिजवावे आणि मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. हे सांगणे रुक्ष आहे, पण दीडशे वर्षांच्या वाचनातून हाती आलेले सार हेच आहे. त्यात मांजराला घराबाहेर काढण्याचे कलम नाही.

आम्हांला या इतिहासात मोह पडतो तो त्यातील माणसांच्या एका सवयीचा. मीठ अपुरे पडले तेव्हा त्यांनी पाक केला, तरंगण चुकले तेव्हा गाळ पाहिला, अंड्याचा सिद्धांत मोडला तेव्हा तो मांडणाऱ्यानेच त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. आपल्या साधनाला काय दिसत नाही, याची यादी ते साधनाबरोबरच ठेवत गेले. समीक्षेच्या वर्गात आपण एखाद्या कृतीत अमुक ‘नाही’ असे सहज म्हणून जातो. स्त्रीचा आवाज नाही, प्रदेश नाही, राजकारण नाही. तेथे ‘आम्हांला, या रीतीने वाचताना, आढळले नाही’ एवढेच म्हणण्याची शिस्त त्या काचपट्टीवाल्यांकडून घ्यावी, असे आम्हांला वाटते. कुंडलिकेकाठच्या त्या घरातील मांजर तोवर माळ्यावर झोपलेले असेल तर त्याला तसेच झोपू द्यावे.